मातीतला पैलवान मॅटवर टिकतो का? खाशाबांपासून राहुल आवारेपर्यंतचा हिशोब काय सांगतो?

यात्रा म्हटली की मराठवाड्यात कुस्त्यांचा फड आलाच. हलगी वाजते, नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि मानाच्या कुस्तीने फड संपतो. हिंगोलीतलं औंढा नागनाथ असो की बीडमधलं पाटोदा, इकडच्या पोरांना कुस्तीची ओळख होते ती मातीतच. पण एखाद्याने चार फड गाजवले की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मातीत ठीक आहे, मॅटवर टिकायचा नाही."

हे खरंच तसं आहे का?

माती आणि मॅटमध्ये फरक काय?

गावच्या फडात गुण मोजत नाहीत. समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल. त्यामुळे पैलवान खडाखडी करतो, समोरच्याला दमवतो आणि संधी दिसली की डाव टाकतो. लंगोट धरलेलाही चालतो.

मॅटवर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं. ३-३ मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये पट काढून ताबा घेतला की २ गुण, समोरच्याला वर्तुळाबाहेर काढलं की १ गुण. १० गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच संपते. कपडे धरता येत नाहीत आणि नुसता बचाव केला तर पंच ताकीद देतात.

म्हणजे मातीतली ताकद, पकड आणि दम मॅटवरही कामाला येतो. बदलतो तो वेग आणि गुणांचा हिशोब.

उत्तर आधीच मिळालंय

साताऱ्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा त्यांना मॅटचा सराव जवळपास नव्हताच. तरी ते सहावे आले. पुढच्या ऑलिम्पिकला, म्हणजे १९५२ साली हेलसिंकीत, त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. दोघंही मातीतले हिंदकेसरी.

मग शंका येते कुठून?

महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात. 'गादी' म्हणजेच मॅट. दोन्हींचे विजेते अंतिम फेरीत भिडतात आणि ही कुस्ती गादीवर होते. २०२० मध्ये गादीच्या हर्षवर्धन सदगीरने मातीच्या शैलेश शेळकेला ३-२ ने हरवलं. २०२२ मध्ये गादीच्या पृथ्वीराज पाटीलने मातीच्या विशाल बनकरला ५-४ ने. असे निकाल लागले की "बघा, म्हटलं नव्हतं?" सुरू होतं.

पण दोन्ही वेळा फरक फक्त एका गुणाचा होता. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मातीतून आलेल्या सिकंदर शेखने गादीच्या शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीतपट केलं.

अमेरिकेतही हाच वाद

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचं मुख्य काम म्हणजे अचूक पास टाकणं. लमार जॅक्सन हा खेळाडू पळण्यात तरबेज. २०१८ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये येत असताना काही जाणकार म्हणत होते, "याला पास जमणार नाही, जागा बदला." पुढच्याच हंगामात त्याने लीगमध्ये सर्वाधिक, ३६ टचडाउन पास दिले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याचं पळणं कमी झालं नाही, त्याच्या जोडीला पासही आला.

मराठवाड्याचं उदाहरण

राहुल आवारे पाटोद्याचा. वडील पैलवान, सुरुवात मातीतली. पुढे तो हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या तालमीत मॅटवर घडला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य, ही त्याची कमाई.

मग अडतं कुठे?

मॅट महाग असतो. तो अंथरायला मोठा हॉल लागतो आणि गुणांचं गणित शिकवणारा कोच लागतो. माती मात्र प्रत्येक गावात आहे. शिवाय फडातलं इनाम संध्याकाळीच हातात पडतं आणि त्यातून खुराकाचा खर्च निघतो. मॅटची मेहनत पदकापर्यंत पोहोचायला वर्षं लागतात. त्यामुळे अनेक पोरं विशीपर्यंत फडच खेळत राहतात. मॅटवर येतात तेव्हा समोरचा दहा वर्षांपासून गुणांवर खेळत असतो.

थोडक्यात, मातीतला पैलवान मॅटवर टिकतो. फक्त त्याला मॅट वेळेत मिळायला हवा. पुढच्या यात्रेत एखादा पोरगा फड मारताना दिसला, तर "हा मॅटवर टिकेल का?" असं विचारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. याच्या गावापासून सगळ्यात जवळचा मॅट किती किलोमीटरवर आहे?