‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दिसलं? आधी काहीही डिलीट करू नका

दिवाळीला आठवडा बाकी होता. रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अरे, साइट उघडतच नाहीये. ऑर्डरी गेल्या का रे सगळ्या?" मावशी घरगुती फराळ विकते आणि तिची वर्डप्रेस साइट मीच बनवून दिलीय. मी तेव्हा एसटीत होतो. मोबाइलवर साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच ओळ : ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’.

या ओळीचा अर्थ ‘डेटा उडाला’ असा होत नाही. दुकान उघडं आहे, काउंटरवर माणूस बसलाय, पण मागच्या गोदामात त्याला जाता येत नाहीये, एवढंच. काउंटरवरचा माणूस म्हणजे वर्डप्रेस. गोदाम म्हणजे मायएसक्यूएल, ज्यात तुमच्या पोस्ट, ऑर्डरी, पासवर्ड सगळं असतं. माल बहुतेक वेळा आत जसाच्या तसा असतो.

गोदामात शिरायला वर्डप्रेसला चार गोष्टी लागतात : डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट, म्हणजे सर्व्हरचा पत्ता. चारही ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी’ या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. होस्ट बहुधा ‘लोकलहोस्ट’ असतो, काही होस्टिंगवर वेगळा पत्ता देतात. साइट नुकतीच दुसरीकडे हलवली असेल किंवा कुणी पॅनलमधून पासवर्ड बदलला असेल, तर चूक इथेच सापडते.

पण आज कुणी काही बदललंच नसेल तर? पासवर्ड आपोआप बदलत नाही. हे माहीत असूनही मी अर्धा तास तीच फाइल चाळत बसलो. वर होस्टिंगच्या पॅनलमध्ये सकाळचा अख्ख्या सर्व्हरचा बॅकअप दिसत होता आणि बोट ‘रिस्टोर’वर गेलंही होतं. दाबलं असतं तर साइट चालू झाली असती, पण दिवसभरात आलेल्या ऑर्डरी खरोखरच गेल्या असत्या.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. फोनमधल्या एसएसएच ॲपने सर्व्हरवर गेलो आणि थेट मायएसक्यूएलमध्ये लॉगिन करून पाहिलं. वर्डप्रेस त्या पांढऱ्या पानावर खरं कारण सांगत नाही, मायएसक्यूएल मात्र नंबर देतो. १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकीचा. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. १०४० म्हणजे गर्दी झाली (एका वेळच्या कनेक्शनची मर्यादा, कुणी बदलली नसेल तर, १५१ असते). मला मिळाला २००२. म्हणजे दारात कुणीच नाही, मायएसक्यूएल बंद.

बंद का? सर्व्हर स्वस्तातला, रॅम १ जीबी. दिवाळीमुळे गर्दी वाढली, तसे पीएचपीचे प्रोसेस वाढले आणि मेमरी संपली. अशा वेळी लिनक्स स्वतःला वाचवायला सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोसेस मारून टाकतं, आणि तो बऱ्याचदा मायएसक्यूएलच असतो. सिस्टमच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ असं चक्क लिहिलेलं होतं.

रीस्टार्ट केल्यावर मिनिटभरात साइट आली. तेवढ्यावर सोडलं असतं तर ती तासाभरात पुन्हा पडली असती. म्हणून पीएचपीच्या प्रोसेसची कमाल संख्या कमी केली आणि १ जीबी स्वॅप जोडला. (घाटात रेंज दोनदा गेली, ते वेगळंच.)

शेअर्ड होस्टिंग असेल तर मायएसक्यूएल रीस्टार्ट करणं आपल्या हातात नसतं. सपोर्टला वेळेसकट लिहा. ‘साइट चालत नाही’पेक्षा ‘रात्री १०:२० पासून डेटाबेस कनेक्ट होत नाही, पासवर्ड तपासला आहे’ हे लवकर कामी येतं.

आणि तुम्ही नुसते गिऱ्हाईक असाल तर तुमच्या फोनचा यात काही दोष नाही. कॅशे साफ करून उपयोग नाही आणि सारखं रिफ्रेश केलं तर तिकडची गर्दी वाढतेच. पैसे कापले गेले असतील तर यूटीआर नंबर जपून ठेवा आणि लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

मावशीच्या ऑर्डरी सगळ्या जागेवर होत्या. शेवटची १० वाजून १२ मिनिटांची : दोन किलो चिवडा, अर्धा किलो चकली.