तंजावरच्या बारा कारकीर्दी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरविला. कावेरीच्या खोऱ्यात, तामिळ मुलखाच्या मध्यभागी, एवढा विस्तृत मराठी लेख पाहून प्रवासी थक्क होतो. राजामागून राजा कसा आला हे अशा लेखावरून समजते. पण ह्या घराण्याची राजवट स्थिर होती की डळमळीत, असे कोणी विचारले तर नामावळीने भागत नाही. तेथे आकड्यांकडे वळावे लागते. पुष्कळ आकड्यांचा सारांश थोडक्यात सांगण्याची जी रीत, तिला वर्णनात्मक संख्याशास्त्र म्हणतात.

एकोजीराजे १६७६ मध्ये गादीवर आले आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारल्यावर गादी संपली. सनावळ्यांत एखाददुसऱ्या वर्षाचा फरक आढळतो. रूढ सन घेतले व महिने सोडून दिले, तर बारा कारकीर्दी क्रमाने अशा भरतात : ८, २८, १६, ८, १, १, १, २४, २४, ११, ३४ आणि २३ वर्षे. एकूण बेरीज १७९. तिला बाराने भागले की जवळजवळ १५ येतात. ही झाली सरासरी.

मात्र नेमकी पंधरा वर्षे राज्य केलेला राजा ह्या यादीत एकही नाही. त्या आकड्याच्या जवळ येतात ते एकटे पहिले सरफोजी, सोळा वर्षांचे. सर्वांना सारखा वाटा मिळाला असता तर तो किती झाला असता, एवढेच सरासरी सांगते. तो तसा मिळाला होता, असे ती कधीच म्हणत नाही. वर्तमानपत्रांतून सरासरी उत्पन्नाचे आकडे वाचताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

आता हेच आकडे चढत्या क्रमाने मांडावेत : १, १, १, ८, ८, ११, १६, २३, २४, २४, २८, ३४. बरोबर मध्ये येणारा आकडा तो मध्यक. येथे आकडे बारा, म्हणजे सम असल्यामुळे सहाव्या व सातव्याच्या मध्यावरचा आकडा घ्यावयाचा : साडेतेरा. टोकाच्या आकड्यांनी मध्यक सहसा बिचकत नाही. दुसऱ्या सरफोजींची कारकीर्द चौतीसऐवजी साठ वर्षांची असती, तर सरासरी सतरावर गेली असती. मध्यक मात्र जागचा हलला नसता.

सर्वांत अधिक वेळा येणारा आकडा म्हणजे बहुलक. तो येथे १ आहे. १७३६ ते १७३९ ह्या तीन वर्षांत दुसरे एकोजी, त्यांची पत्नी सुजानबाई आणि ज्यांच्या हक्काविषयी वाद होता ते शहाजी, असे तिघे गादीवर येऊन गेले. चपलांच्या दुकानदाराला बहुलकाची किंमत चांगली कळते, कारण तो सरासरी मापाचा नव्हे, सर्वाधिक खपणाऱ्या मापाचा माल भरतो. राजवंशाच्या बाबतीत मात्र बहुलक एकट्याने पुढे केला तर दिशाभूल होईल.

मूळ प्रश्न स्थैर्याचा होता, आणि त्याचे उत्तर ह्या तिन्ही आकड्यांत नाही. बाराही राजांनी पंधरा-पंधरा वर्षे राज्य केले असते तरी सरासरी पंधराच आली असती. म्हणून आकडे किती पसरले आहेत हे पाहावे लागते. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा केल्यास विस्तार मिळतो, ३३ वर्षे. परंतु तो केवळ दोन टोकांवर अवलंबून असतो. त्यापेक्षा प्रत्येक कारकीर्द पंधरापासून किती दूर पडली ते मोजावे : ७, १३, १, ७, असे करीत बेरीज ११९ होते, आणि बाराने भागल्यावर सुमारे दहा. हे सरासरी विचलन. पंधराची सरासरी आणि दहाचे विचलन! अशा सरासरीवर पुढच्या राजाचा अंदाज बांधणाऱ्याची फजितीच व्हावयाची.

तरीही एक गोष्ट राहतेच. काय मोजावयाचे हे आकडेमोडीच्या आधी ठरवावे लागते. दुसऱ्या तुळजाराजांची चोवीस वर्षे धरली, परंतु १७७३ ते १७७६ पर्यंत तंजावर अर्काटच्या नबाबाकडे होते. ती तीन वर्षे वगळावीत, तर सरासरी किंचित उतरते, मध्यक तोच राहतो. याहून मोठा प्रश्न १७९९ चा. त्या वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे पदवी, किल्ला आणि तनखा उरला. गादीवर बसणे म्हणजे राज्य, असे मानल्यास वरचे आकडे योग्यच आहेत. राज्य म्हणजे मुलखाचा अंमल असे मानले, तर मोजणी १७९९ ला थांबते : एकशेतेवीस वर्षे, राजे अकरा, सरासरी अकराच्या आसपास, मध्यक अवघा आठ. यादीतला सर्वांत मोठा ३४ हा आकडा तेव्हा १ होतो, आणि ज्या काळात दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, तो जवळजवळ सगळा काळ मोजणीबाहेर पडतो.