फिल्म घरीं धुवावी कीं बाहेर द्यावी?

कॅमेऱ्याची कळ दाबली म्हणजे छायाचित्र तयार झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्या क्षणीं फिल्मवर डोळ्यांस दिसेल असें कांहींच उमटलेलें नसतें. जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात; ज्या कणांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यांत चांदीचे मोजके अणू सुटे होतात, एवढेंच. या सुप्त चित्रास दृश्य रूप देणें म्हणजे फिल्म धुणें. डेव्हलपर हें द्रावण प्रकाशाचा स्पर्श झालेल्या सबंध कणाची चांदी करतें, आणि हायपो उरलेला क्षार विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं शोधून काढला.

मळका राहिलेला कपडा पुन्हा धुतां येतो. फिल्म मात्र एकदांच डेव्हलप होते. त्या रिळावर घरांतील वडीलधाऱ्यांची मुद्रा असेल, तर झालेली चूक कायमची ठरते. म्हणून काम कोणाकडे सोंपवावयाचें, याचा आधीं विचार करणें इष्ट.

बाहेर देतांना एक गोष्ट अवश्य विचारावी: काळ्या-पांढऱ्या फिल्मसाठीं तेथें निराळी द्रावणें आहेत काय? रंगीत फिल्मच्या यंत्रांतील द्रावणें चित्रांतील सारी चांदी काढून घेतात, आणि साधी काळी-पांढरी फिल्म कोरी होऊन हातीं येते. कांहीं थोड्या जाती रंगीत पद्धतीनेंच धुण्यासाठीं केलेल्या असतात. तसें त्यांच्या वेष्टनावर छापलेलें असतें.

घरीं धुणें आपल्याकडे नवें नाहीं. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्या काळीं दादासाहेब फाळके यांच्या घरांतच फिल्मचीं कामें चालत, व त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यांत हातभार लावीत. आजच्या हौशी माणसास तर झांकणाची टांकी मिळते. फिल्म टांकींतील चक्रीवर चढवीपर्यंत मात्र पूर्ण अंधार हवा. तांबडा दिवाही चालत नाहीं. तो छपाईच्या कागदापुरता.

आपल्या हवेंत खरा शत्रु आहे तो उष्मा. डेव्हलपरचें प्रमाण-उष्णमान २० अंश सेंटिग्रेड धरलेलें असतें. मुंबईसारख्या शहरांत उन्हाळ्यांत नळाचें पाणी ३० अंशांच्या आसपास जातें. २० अंशांस १० मिनिटें लागणारी फिल्म २४ अंशांस सुमारें ७ मिनिटांतच तयार होते. त्याहून तापलेल्या द्रावणांत वेळ इतका आखूड होतो कीं, चित्र सारखें उठत नाहीं. उपाय साधा आहे. परातींत पाणी व बर्फ घेऊन त्यांत द्रावणाच्या बाटल्या ठेवाव्या. बर्फ द्रावणांत टाकूं नये, कारण त्यानें तें पातळ होतें. थर्मामीटर पाहूनच आरंभ करावा, व दर मिनिटास टांकी कांहीं वेळां हलकेच उलटीसुलटी करावी. शेवटचें पाणीही जवळजवळ त्याच उष्णमानाचें असावें. एकाएकीं फरक पडल्यास जिलेटिनवर जाळीसारख्या भेगा पडतात.

हायपोंत घाई करूं नये. फिल्मचा कापलेला तुकडा उजेडांत हायपोंत टाकून तो पारदर्शक होण्यास किती वेळ लागतो तें पाहावें. त्याच्या दुप्पट वेळ सबंध रिळास द्यावा. हायपो कमी पडला किंवा नीट धुतला गेला नाहीं, तर आज उत्तम दिसणारें चित्र कांहीं वर्षांनीं डागाळतें. पाण्याची टंचाई असेल तेथें नळ सोडून ठेवण्याचें कारण नाहीं: टांकी भरून ५ वेळां, पाणी बदलून १० वेळां व पुन्हा बदलून २० वेळां उलटीसुलटी केल्यास आधुनिक द्रुत हायपो वापरलेली फिल्म पुरेशी धुतली जाते.

तेव्हां पहिलें रीळ घरीं धुवावें तें बागेंतल्या झाडांचें. घरच्या माणसांचें नव्हे. दोन-चार रिळें एकसारखीं उतरलीं, म्हणजे मग मोलाचें रीळ हातीं घेण्यास हरकत नाहीं. तोंवर तें जाणकाराकडेच द्यावें.