आमची ८००, आबा आणि तीस अँपिअर

"अरे, बाराच तर व्होल्ट आहेत, त्याला काय घाबरायचं!" हे वाक्य लॅबमध्ये आपण सगळेच कधी ना कधी म्हटलेलो आहोत. मीही म्हणायचो. २०२४ च्या पावसाळ्यात ते म्हणणं बंद झालं. कसं ते सांगतो, आणि छोट्या गाडीत इन्व्हर्टर नीट कसा बसवायचा तेही.

आमचं गाव पाटण तालुक्यात. कोयना धरण आमच्याच तालुक्यात, पण पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की रात्र रात्र लाइट नसते. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दम्याचा त्रास. डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर ठेवायला सांगितलाय. तो चालतो २३० व्होल्टवर, मागच्या पट्टीवर १८० वॅट लिहिलेले. दारात वडिलांची जुनी मारुती ८००. आणि मी इलेक्ट्रिकलचा, तिसऱ्या वर्षाचा! ३०० वॅटचा इन्व्हर्टर आणला, त्याची पिन सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचली आणि घरात जाहीर केलं, "आता लाइट गेली तरी काळजी नाही."

ऑगस्टमधल्या एका रात्री लाइट गेली आणि आबांना धाप लागली. त्यांना गाडीत बसवलं, नेब्युलायझर जोडला. अंधार होता म्हणून एक्स्टेन्शन बोर्डवर जुना ६० वॅटचा बल्बही लावला. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग एकदम अंधार. लायटरचा फ्यूज उडाला होता आणि जवळ दुसरा नव्हता. वडील एक शब्द बोलले नाहीत. गाडी काढली आणि भर पावसात तालुक्याच्या दवाखान्यात नेली. मागच्या सीटवर एका हातात आबांचा हात आणि दुसऱ्या हातात तो उडालेला फ्यूज धरून मी बसलो होतो. फ्यूजवर १५ लिहिलं होतं.

आबा सुखरूप घरी आले. दुसऱ्या दिवशी मी आधी करायला हवा होता तो हिशोब केला. १८० आणि ६० मिळून २४० वॅट. २३० व्होल्टला हे जेमतेम एक अँपिअर. पण तेवढीच पॉवर १२ व्होल्टवरून घ्यायची तर २० अँपिअर! त्यात इन्व्हर्टरची एफिशियन्सी ८५ टक्के धरली की साडेतेवीस. १५ चा फ्यूज उडणारच. बिचाऱ्यानं आपलं काम केलं, मी माझं केलं नव्हतं.

इन्व्हर्टरच्या डब्यात काय होतं, ते थोडक्यात बघू. मॉसफेट १२ व्होल्टचा डीसी भराभर चालू-बंद करतात, छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, त्याचा पुन्हा तीनशेच्या वरचा डीसी होतो आणि शेवटचे चार स्विच त्यातून ५० हर्ट्झचा एसी घडवतात. ही सगळी करामत कंपनीनं केलेली असते. आपल्या हातात राहते ती बॅटरीपासून डब्यापर्यंतची वायर, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

३०० वॅटच्या पूर्ण लोडला साधारण ३० अँपिअर लागतात. ८०० मध्ये बॅटरी बॉनेटखाली आणि इन्व्हर्टर पुढच्या सीटखाली, म्हणजे जाऊन-येऊन पाच मीटर वायर. घरातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली, तर रेझिस्टन्स ०.०४ ओहमच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण ३० अँपिअरला त्यात १.२ व्होल्ट पडतात आणि ३६ वॅटची उष्णता होते. आपली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आता कार्पेटखाली काय चाललंय त्याची कल्पना करा! शिवाय साडेदहा व्होल्टच्या आसपास बहुतेक इन्व्हर्टर बोंब मारायला लागतात. म्हणून मी १० चौरस मिलिमीटरची वायर टाकली. ड्रॉप ०.३ व्होल्टवर आला.

दुसरा मुद्दा फ्यूजचा. मी ४० अँपिअरचा घेतला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर बसवला. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते. ती कुठे पत्र्याला घासली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेट घेते. फ्यूज असतो तो वायर वाचवायला.

काम करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, जोडताना तो शेवटी लावा. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. टोकांना लग नीट क्रिंप करा, नुसती वायर गुंडाळू नका. इन्व्हर्टर बॉनेटखाली ठेवू नका, तिथे उष्णता आणि पाणी दोन्ही. पंख्याला हवा मिळू द्या.

इन्व्हर्टर शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातल्या मॉडिफाइड वेव्हवर काँप्रेसरची मोटर गुणगुणते आणि जास्त तापते. आणखी एक गंमत: साधा मल्टिमीटर सरासरी मोजून १.११ ने गुणतो, त्यामुळे मॉडिफाइड वेव्ह खरी २३० ची असली तरी १८० च्या आसपास दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर नसेल तर उगाच डबा उघडू नका.

आता वापराचं. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. नेब्युलायझर पंधरा मिनिटं चालला की साडेचार जातात, तेवढं इंजिन बंद ठेवूनही चालतं. त्यापुढे इंजिन चालू करा, पण बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्हीकडे पिन लावून घराच्या सॉकेटमध्ये कधीही खोचू नका. ती वीज उलटी लाइनवर जाऊ शकते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा लाइट गेली. आबा गाडीत बसले, मी स्विच दाबला. पंधरा मिनिटं नेब्युलायझर बिनतक्रार चालला. मी वायरला हात लावून पाहिला, गार होती. मास्क काढून आबा एवढंच म्हणाले, "या वेळी बल्ब नाही लावलास ते बरं केलंस."

तो १५ चा फ्यूज अजून माझ्या कंपासपेटीत आहे. कोणी "बाराच तर व्होल्ट" म्हणालं की मी तो काढून दाखवतो आणि विचारतो, "अँपिअर किती, ते सांग."