शब्द हरवतात तेव्हा...

"आई, सांडशी दे गं."

"सांडशी म्हणजे काय?"

मी हसले. सांडशी तिच्या हातातच होती! पुढे 'अडकित्ता' गेला, 'वेलदोडा' गेला. हिशेब, देवपूजा, नातवंडांचे वाढदिवस मात्र चोख. म्हणून वर्षभर आम्ही 'वय झालं' म्हणत राहिलो.

मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं, हाही स्मृतिभ्रंशाच्याच कुळातला आजार. पण तो आधी भाषेवर घाला घालतो. अमेरिकेतल्या डॉ. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये त्याचं वर्णन केलं. कुणाला शब्द सुचत नाही, कुणाचं वाक्य अडखळतं, कुणाला शब्दाचा अर्थच कळेनासा होतो. बोलणं अचानक गेलं तर मात्र तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तडक रुग्णालय गाठावं.

यावर बरं करणारं औषध नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं आम्ही एका वहीत वस्तूंचे, माणसांचे फोटो चिकटवले. वाक्यं छोटी केली. बोलताना टीव्ही बंद करतो आणि तिच्या उत्तरासाठी थांबतो. हे थांबणंच सर्वांत अवघड!

परवा आईनं वहीतल्या माझ्या फोटोवर बोट ठेवलं. नाव आलं नाही. मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.