अशील, वकील आणि 'पडलेली' तारीख

वकिलाकडे काम सोपविणाऱ्या मनुष्यास मराठीत 'अशील' असे म्हणतात. हा शब्द अरबी 'असील' या शब्दावरून आलेला असून 'अस्सल' हा त्याचाच सगोत्र होय. विधिव्यवहारात असील म्हणजे मूळ धनी, आणि वकील म्हणजे त्याने ज्याच्यावर आपले काम सोपविले तो. पक्षकाराने 'असालतन या वकालतन' हजर व्हावे, म्हणजे जातीने यावे अथवा वकिलामार्फत यावे, ही उर्दू न्यायालयीन लेखनातील शब्दजोडी याच भेदावर उभी आहे. पेशवाईत तर वकील म्हणजे परदरबारी राहणारा प्रतिनिधी. निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. त्यांचा धनी पुण्यास होता, याविषयी कोणासही संदेह नव्हता. आजच्या न्यायालयाच्या आवारात मात्र धनी कोण, हाच प्रश्न अशिलांच्या बऱ्यावाईट अनुभवांच्या मुळाशी असलेला दिसतो. धाराशिव जिल्ह्यात तो विशेष स्पष्टपणे दिसण्यास भाषिक कारण आहे.

2023 पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानच्या न्यायालयांची भाषा उर्दू होती. परंड्याच्या अथवा कळंबच्या शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे मराठीत सांगावयाचे, ते उर्दूत लिहिले जावयाचे, आणि निकाल पुन्हा त्यास मराठीत समजावून द्यावयाचा, असा तो व्यवहार. तेथे वकील हा प्रतिनिधी तर होताच, पण दुभाषीही होता. आणि ज्याची भाषा आपणांस कळत नाही अशा दुभाष्याच्या हाती धनीपण आपोआप जाते. जिल्हा 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. 1998 च्या शासकीय अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तरीही दुभाष्याची गरज सरली नाही. उर्दूची जागा बहुतांशी इंग्रजीने घेतली, एवढेच. जमिनीचा वाद जुना असेल तर उर्दू दस्तऐवज वाचणारा मनुष्यही आजदेखील शोधावा लागतो.

अशिलांच्या तक्रारी ऐकताना एका क्रियापदाकडे लक्ष वेधते. 'तारीख पडली' असे ते म्हणतात. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, तशीच तारीख पडते. तिला कर्ता नाही. वस्तुतः प्रत्येक तहकुबीस कर्ता असतो. ती कोणीतरी मागितलेली असते, किंवा न्यायाधीश रजेवर असतात, किंवा नोटीस बजावलेली नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाप्रमाणे सुनावणी चालू असता एका पक्षास तीनपेक्षा अधिक तहकुब्या देऊ नयेत, असा नियम आहे. तो किती पाळला जातो हा भाग वेगळा. कर्त्याचे नाव रोजनाम्यात लिहिलेले असते. रोजनाम्याची नक्कल अर्ज करून मिळते, आणि आता त्यातील पुष्कळसा भाग संगणकावरही पाहता येतो. 'कोणी मागितली?' असे विचारणाऱ्या अशिलास पुष्कळदा असे आढळते की तारीख आपल्याच वकिलाने मागितली होती. कधी त्यास योग्य कारण असते, कधी नसते. दोन्ही प्रसंगी ते त्यास आधी सांगितलेले नसते, आणि त्याची खरी व्यथा ही असते.

वकीलपत्राचेही असेच आहे. वकिलाची नेमणूक लेखी व पक्षकाराच्या सहीनिशी असावी लागते. परंतु हा छापील कागद बहुधा न वाचता सही करण्याचा कागद समजला जातो. त्यातच पुष्कळदा तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार लिहिलेला असतो. अशिलाच्या स्पष्ट सूचनेवाचून वकिलाने त्याचे हक्क सोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले आहे; पण छापील कागदावरील सही दाखविली की सूचना नव्हती हे सिद्ध करणे अशिलास जड जाते.

भूसंपादनाच्या प्रकरणांत हा प्रश्न थेट पैशाचा होतो. निम्न तेरणा व सीना-कोळेगाव यांसारख्या प्रकल्पांनी आणि पुढे महामार्गांच्या रुंदीकरणाने या जिल्ह्यात जमिनी गेल्या. वाढीव मोबदल्याचा दावा म्हटला की 'टक्क्यावर' ठरलेल्या फीची बोलणी कानी येतातच. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास वकिलांच्या आचारनियमांनी मनाई केलेली आहे. म्हणून असा करार बहुधा तोंडीच राहतो, आणि पैसे हाती आल्यावर टक्का कशावर, मुद्दलावर की व्याजासह, हा नवा वाद उभा राहतो. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकारही वकिलास नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तसा निर्णय दिला आहे. वकील बदलू पाहणाऱ्या अशिलांपैकी किती जणांस हे ठाऊक असते?

मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असे ठरविले. त्यामागील एक कारण अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे. वकील कसे काम करतो यावर अशिलाचे थेट नियंत्रण असते, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार होय, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे 'असील' शब्दाचा जुना अर्थच येथे पुन्हा मान्य झाला. मात्र त्याच मान्यतेने अशिलास ग्राहक मंचाचे दार बंद झाले. उरले दोन मार्ग. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार केल्यास वकिलास ताकीद मिळू शकते, त्याची सनद निलंबित होऊ शकते किंवा त्याचे नाव पटावरून कमी होऊ शकते. पण हा मार्ग शिक्षेचा आहे, भरपाईचा नव्हे. भरपाईसाठी दिवाणी दावाच करावा लागतो, आणि त्यासाठी दुसरा वकील!

चांगले अनुभव सांगणारे लोक जिंकल्याचीच गोष्ट सांगतात असे नाही. 'दावा टिकणार नाही, हे वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले', हे वाक्य कृतज्ञतेने उच्चारले जाते. काही जण हरलेल्या खटल्यातील वकिलाकडेच पुढचे काम घेऊन जातात. अशा वकिलांच्या वागण्यात एक साम्य असे की, दाव्याचा मजकूर दाखल करण्यापूर्वी ते अशिलास वाचून दाखवितात. बांध, विहीर, वाटणी या त्याच्या शब्दांचे मजकुरात काय झाले ते सांगतात, आणि तो 'असे नव्हे' म्हणाला तर मजकूर दुरुस्त करतात.

अपिलात हीच गोष्ट अधिक कठीण होते. 1981 साली औरंगाबादेस मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाल्यापासून धाराशिवच्या पक्षकारास मुंबईचा प्रवास पडत नाही. पण तेथील कामकाज इंग्रजीत चालते. वकीलही बहुधा नवा असतो, आणि त्याची ओळख जिल्ह्यातील वकिलामार्फत झालेली असते. अशिलापासून न्यायालयापर्यंत दोन वकील आणि दोन भाषा असतात. निकालाची प्रत हाती आली की अशील ती घेऊन पुन्हा जिल्ह्यातील पहिल्या वकिलाकडे येतो, आणि तिच्यात काय लिहिले आहे ते मराठीत सांगा म्हणतो.