पुण्याची चित्रशाळा आणि शिळाछापाची कला

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांच्या साथीने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा ही मुद्रणसंस्था सुरू केली. पुढे वासुकाका जोशी यांनी ती वाढवली. रामपंचायतन आणि नाना फडणवीस यांच्यासारखी तिची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली.

ही चित्रे शिळाछापाची होती. हे तंत्र आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधले. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढतात. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट रेषांनाच धरते. मग दगडावर कागद ठेवून दाब देतात, की चित्र सुलटे उमटते. प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड लागतो आणि सगळे ठसे अचूक जुळवावे लागतात.

घरात अशी जुनी तसबीर असेल तर ती जपून ठेवा.